सहाऐवजी शंभर

तीर्थरूप यी-च्युनताईस,

शिंचूहून पेई-शानचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल, आणि भावोजींनी ताइनानच्या भर उन्हात गळ टाकून बसणे सोडले असेल, अशी आशा करते (आशाच, खात्री नव्हे). लिची पोहोचल्या, बऱ्याचशा माझ्यापर्यंतही पोहोचल्या.

गणिताच्या विद्यार्थ्यांना संगणकावर आकडेमोड आणि बीजगणित शिकवण्याचा माझा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे आमचे विभागप्रमुख चान सर गुरुवारी स्वतः वर्गात बसून ठरवणार होते. वर्ग बंद म्हणजे माझी नोकरीही बंद. सरांचे मत सर्वश्रुत आहे: गणितज्ञाला खडू पुरतो, संगणक इंजिनिअरांनी वापरावा. म्हणून मी एक निवडक उदाहरण घेतले. आधीच्या दोन संख्यांवरून पुढची संख्या काढायची, तिच्यावरून त्यापुढची, आणि असे करत गेले की उत्तर सहाच्या जवळ सरकत जाते. हे मी फळ्यावर रीतसर सिद्ध केले, सरांनी मान डोलावली, आणि मी कळ दाबली. संगणक सहाच्या दिशेने शहाण्यासारखा निघाला, मध्येच बिथरला आणि थेट शंभरावर जाऊन बसला.

संगणकाने असे बिथरणे हाच माझ्या धड्याचा विषय होता. पण ते सांगायला मला उसंत मिळाली नाही. “पाहा! तुमचं यंत्र थापा मारतंय,” असे म्हणून सर समाधानाने खुर्चीत रेलले, आणि त्याच क्षणी पहिल्या बाकावरची शिन-यू किंचाळली, “अगंबाई, पुडा कुठे गेला?” (यंत्राने नीट वागावे म्हणून मुले त्याच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवतात. तो हिरवाच हवा, ताजा हवा, आणि कुणीही फोडता कामा नये.) पुडा सरांच्या मांडीवर होता, रिकामा.

“सर, तुम्ही खाल्लात?”

“वर्गात लवकर आलो, भूक लागली होती. तुमचं यंत्र काय जेवायला बसणार होतं?”

“मग शंभर येईल नाही तर काय होईल!” सबंध वर्ग एका सुरात ओरडला. ताई, ही मुले परवापर्यंत पुराव्याशिवाय एक अधिक एकही मान्य करत नव्हती.

मी शांतपणे समजावले. संगणक दशांश चिन्हापुढचे मोजके आकडे ठेवतो आणि उरलेला चुरा टाकून देतो. या उदाहरणात तो चुराच पायरीपायरीने फुगत जातो आणि उत्तराला ओढून नेतो. मग पुड्याविनाच, त्याच यंत्राला तीच आकडेमोड अपूर्णांकांत करायला सांगितली: काही तोडायचे नाही, काही टाकायचे नाही. पडदाभर लांबलचक अपूर्णांक उमटले आणि मुकाट्याने सहाकडे सरकू लागले.

मुले ते अपूर्णांक वहीत उतरवू लागली. सर मात्र उठले. “सहा कळलं हो. पण शंभरच का? नव्वद का नाही?” असे म्हणत त्यांनी माझी सिद्धता पुसली, नवे समीकरण मांडले, आणि त्याची तीन मुळे काढली: पाच, सहा आणि शंभर! “अरे, हे थापा मारत नाहीये! आपण सुरुवातच अशी केली की शंभर दबून राहिलं. त्या एवढ्याशा चुऱ्याने ते वर काढलं!” कुरकुऱ्यांचे पीठ लागलेले हात त्यांनी आनंदाने माझ्या खांद्यावर ठेवले. कोटावरचा तो डाग मी अजून धुतलेला नाही. हा विषय शिकवायला घे, असा हट्ट तू धरला होतास. त्या हट्टाचे, त्या चुऱ्याचे आणि सरांच्या भुकेचे उपकार मी कसे फेडू, ते मला ठाऊक नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
पेई-शान

ता. क. वर्ग चालू राहणार आहे, शिवाय सर्वांना सक्तीचा झाला आहे. सरांची एकच अट आहे: त्यांनाही त्यात विद्यार्थी म्हणून बसायचे आहे.

ता. क. २. पत्र लिहिण्याचे खरे कारण असे: तू इतकी वर्षे पहिलीच्या वर्गाला शिकवतेस. पहिल्या बाकावर बसून, हात वर न करता, सगळ्यांच्या आधी उत्तर ओरडणाऱ्या मुलाला तू कसे आवरतेस, ते उलट टपाली कळव. मूल पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे.