हनुवटीवरचा व्रण

३ डिसेंबर, अमरावती

आले बाई एकदाची! अकोटला गाडी बदलली, खिडकीची जागा मिळाली आणि बारा वाजता अमरावतीत पाय ठेवला. 'मॉडेल' म्हणताना बाबांची जीभ अजून अडखळते. आईनं मात्र साऱ्या हिवरखेडला सांगून टाकलंय.

घाऊक साड्यांचे कॅटलॉग काढणारा हा स्टुडिओ. खाली गोवर्धनशेठचं ऑफिस, मधल्या मजल्यावर शूटिंग, वर माझी खोली. काम मजेशीर आहे. मी एकाच रंगाची साडी नेसून उभं राहायचं, बाकीचे सात रंग संगणकावर चढवतात. प्रत्येक कॅटलॉगला त्यातल्या मुलीचंच नाव देतात. मागचा 'आचल' भिंतीवर लावलाय. ती कुठे असते विचारलं, तर शेठ म्हणाले, मोठं काम मिळालं, गेली.

साड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईनं चहा दिला. जिना चढेपर्यंत तिचा चेहरा मी विसरले. चेहरे विसरणारी मी नव्हे, पण प्रवासानं थकले असेन.

७ डिसेंबर

पहिलं शूट झालं. मान तिरपी ठेवून ठेवून दुखतेय.

फोटो 'साफ' करणारा स्वप्निल बडनेऱ्याचा, त्याचे वडील रेल्वेत आहेत. मला म्हणाला, "तू हासली का माउस हातातून सुटते माह्या." मला तो आवडला. शाईनं लिहिलंय, आता खोडणार नाही.

त्यानं माझा फोटो दाखवला. हनुवटीवरचा व्रण गायब! दहा वर्षांची असताना हरभरा सोंगताना विळा लागला होता, तो. फोटोत मी कुणी बड्या घरची दिसत होते. खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

८ डिसेंबर

आरशातही व्रण नाही. मेकअपच्या क्रीमचा गुण असेल. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवला. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "बरं झालं माय," पण तिला बरं वाटलं नव्हतं.

१५ डिसेंबर

आज भांडण झालं. माझ्या मनगटावर 'जय भीम' गोंदलेलं आहे. बाबांच्या हातावर आहे तसंच, चौदा एप्रिलच्या मेळ्यात आम्ही दोघांनी बरोबर गोंदवलेलं. शेठ अगदी गोड आवाजात म्हणाले की गिऱ्हाइकाची नजर साडीवर राहिली पाहिजे, फोटोतून ते काढू. मी सरळ सांगितलं, साडी तुमची असेल, हात माझा आहे. शेठ हसले आणि स्वप्निलकडे पाहून मान हलवली. स्वप्निल खाली बघत होता.

१६ डिसेंबर

मनगट कोरं आहे. घासलं, धुतलं, उजेडात धरलं. तान्ह्या पोराच्या कातडीसारखं कोरं. मी घाबरले आहे, पण त्याहून जास्त चिडले आहे.

१७ डिसेंबर

स्वप्निलला मनगट दाखवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. फोटो पुसला की माणूसही पुसलं जातं हे त्याला माहीत नव्हतं म्हणे. आचलच्या ओठावरचा तीळ त्यानंच काढला होता, मग भुवईची खाच, मग गालावरची खळी. नंतर ती दिसलीच नाही. रडायला लागला. म्हणाला, "तुह्यं भलं व्हावं म्हनून तं अजून निगुतीनं केलं मी." असलं प्रेम म्हणजे भीक नको, पण कुत्रा आवर!

त्याला ताकीद दिली, यापुढे माझ्या फोटोला हात लावायचा नाही. तो कबूल झाला.

१९ डिसेंबर

आता शेठ स्वतः खालच्या संगणकावर साफ करतात. आज माझ्या कानाजवळची कांजण्यांची खूण गेली.

२० डिसेंबर

बाजारात जाऊन मनगट पुन्हा गोंदवलं. संध्याकाळपर्यंत अक्षरं गेली, नुसती आग उरली. आईला व्हिडिओ कॉल लावला. माझ्याकडे बघून विचारते, "दीपमाला कुठी हाय, बाई? तिले फोन द्या ना जरा."

माझी आई. मला 'बाई' म्हणाली.

२१ डिसेंबर

इस्त्रीवाली बाई डाव्या पायावर भार देऊन उभी राहते. भिंतीवरची आचलसुद्धा.

नाव विचारलं. तिनं तोंड उघडलं — बराच वेळ उघडंच — मग पुन्हा साडीला इस्त्री करू लागली.

पळून जाता येईल. पण हा चेहरा घेऊन हिवरखेडला गेले तर दार कोण उघडेल? नाही जाणार. माझं मी घेऊन जाईन.

२२ डिसेंबर

मूळ फोटो पुसून टाकायचे, असा शेठचा नियम. स्वप्निलनं माझे आणि आचलचे पुसलेच नव्हते. का, विचारलं. म्हणाला, त्याला तो व्रणच आवडला होता. गाढव! हे आधी सांगायचं.

उद्या शेठ अकोल्याला जाणार.

२३ डिसेंबर, दुपार

साफ केलेल्या फोटोवर आम्ही मूळ फोटो चढवतोय, स्वप्निलच्या संगणकावर. फाइल उघडायला वेळ लागतो, तेवढ्यात लिहिते.

हनुवटी फाटली. रक्त आलं. विळ्याचं, तेव्हाचंच. मी हसले — खूप —

मनगट पेटलंय. 'जय' आलं —

आचलची फाइल. ओठावर तीळ — खळी — इस्त्रीपाशी बसलेली बाई किंचाळली, स्वतःचं नाव घेऊन —

खाली गाडी. शेठ परत आलेत. स्वप्निल दार धरून उभा —

वर येत नाहीत. खालच्या संगणकावर माझाच फोटो उघडलाय, इथे पडद्यावर दिसतंय — 'जय' पुसट होतंय — मी परत आणते — ते पुसतात — परत —

आचल उठली. इस्त्री उचलली, तापलेली. स्वप्निलला बाजूला सारून जिना उतरतेय —

बोटं दिसेनाशी होताहेत. पेन दिसतंय अजून. पुसा म्हणावं किती पुसता ते — मी लिहीतच — माझं नाव दीपमाला बुधाजी तायडे, राहणार हिवर