एका शुद्धिपत्राचा पाठपुरावा

३ जानेवारी, सकाळी.
संकल्प : एकही नवा कुलवृत्तांत घरात आणायचा नाही. एकेचाळीस झाले. बायको म्हणते, लोकांच्या सात पिढ्या तुम्हाला पाठ, आणि पोरगी कितवीत आहे ते मला विचारता. तिला कलेक्शन म्हणजे काय ते कळत नाही. (पोरगी आठवीत. नववीत असेल.)

५ जानेवारी.
संकल्प मोडलेला नाही. पुस्तक नकोच आहे, फक्त एक पान हवंय. सासरच्या घराण्याचा इतिहास आपल्याकडे आहेच. बायकोच्या काकांनी बारा वर्षांपूर्वी हौसेने छापून नातेवाइकांत वाटला. प्रस्तावनेत लिहिलंय, चुका शेवटी जोडलेल्या शुद्धिपत्रात पाहाव्यात. आमच्या प्रतीत शुद्धिपत्रच नाही. म्हणजे प्रत अपूर्ण.
ग्रंथपालांना सहज बोललो, तर त्यांनी वाचनालयात माझं व्याख्यानच ठेवलं. २५ तारीख. विषय : एक दुर्मीळ शुद्धिपत्र. आता ते मिळवणं आलं. आठवडा पुरे.

९ जानेवारी.
मेहुण्याकडे गेलो. प्रत आहे, शुद्धिपत्र नाही. ताईने मागे पुस्तक वाचायला नेलं होतं म्हणाला. हिला वाचनाची आवड आहे हे ठाऊक नव्हतं.

१३ जानेवारी.
मावससासूबाईंकडे. पान ब्लेडने कापलेलं, अगदी शिवणीलगत. हात सफाईदार. नक्कीच कुणी प्रतिस्पर्धी. भाचीही येऊन पुस्तक चाळून गेली होती म्हणाल्या. म्हणजे ही न सांगता माझ्यासाठी शोधतेय. गहिवरून आलं. उद्यापासून घरकामात मदत करायची.

१६ जानेवारी.
सहा घरं झाली. सगळीकडे पान कापलेलं, सगळीकडे ही आधी येऊन गेलेली. चिकाटी आहे, पण मेथड नाही. बिचारीला एकदाही मिळालं नाही. घरकाम सोमवारपासून.

२२ जानेवारी.
मिळालं. बाइंडरच्या दुकानात, कुणी न नेलेल्या प्रतीत. तिथेच उभ्याने वाचलं.
एकच दुरुस्ती आहे. 'पृष्ठ ११२, ओळ ६ : "उद्योगी" ऐवजी "निरुद्योगी" वाचावे.'
पृष्ठ ११२ वर मी आहे. थोरले जावई, उद्योगी व मनमिळाऊ.
त्या वर्षी मी नोकरी सोडली होती. सुटली होती असंही काही जण म्हणतात.

२३ जानेवारी.
हिला विचारलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सापडतील तेवढ्या प्रतींतून मीच कापलं. माझ्या नवऱ्याला दुसऱ्या कुणी असं म्हटलेलं मला चालत नाही. मी म्हणते ते वेगळं."
लाज वाटली. आणि फार बरंही वाटलं. व्याख्यानात ठोकून द्यायचं की शुद्धिपत्र छापलंच गेलं नाही.

२५ जानेवारी, संध्याकाळी.
व्याख्यान झालं. श्रोते अकरा, पैकी नऊ सासरचे. शुद्धिपत्र छापलं नाही, कारण ग्रंथात चूकच नव्हती, असं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या.
मग अध्यक्ष बोलायला उठले. अध्यक्ष काका होते. हे ग्रंथपालांनी आधी सांगायला हवं होतं. काका म्हणाले, छापलं होतं, पण लोक शुद्धिपत्र वाचत नाहीत. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत थोरल्या जावयांपुढे 'निरुद्योगी' असं मजकुरातच घातलंय.
मी खाली बघत बसलो. ही उठली.
"काका, ते खोडा. यांना उद्योग आहेत. नसते आहेत, पण आहेत."
सगळे हसले. काकांनी वहीत शब्दशः उतरवून घेतलं.
दुसरी आवृत्ती मार्चमध्ये. पन्नासच प्रती. दोन सांगून ठेवल्या आहेत.