गैबीच्या अंगणातला बिंदू

कोडोली, ता. पन्हाळा
दि. १४ फेब्रुवारी १९८०

मित्रवर्य गणपतराव यांच्या सेवेशी,

आपणांस फक्रुद्दीनचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (जो आवडेल तो आपण ठेवावा, दुसरा वहिनींना द्यावा.) बिद्रीस चिरंजीवांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेल्यापासून आपला खोकला हटला असे ऐकतो. कारखान्याच्या मळीच्या वासाने खोकला हटतो हे मला नवीनच, पण आपल्या बाबतीत काहीही नियमानेच होत असणार. गुडघे कसे आहेत? वहिनी अजून अंगणात कोरफड लावतात का? माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला आहे. सकाळी गच्चीवर उभा राहिलो की जोतिबाचे डोंगर दोन दिसतात. डॉक्टर म्हणतो काढून टाकू. मी म्हटले, दोन दिसतात यात तोटा कोणाचा आहे?

पत्राला कारण घडले आहे, पण ते एका ओळीत मावणारे नाही, म्हणून सावकाश सांगतो. माझ्या थोरल्या मरहूम भावाचा मुलगा गैबी, जो चावडीच्या बोळात शिंपीकाम करतो, त्याची लेक मेहमुदा आपल्याला आठवत असेल. खिडकीकडेचा तिसरा बाक, दोन वेण्या, आणि बोटाला कायम शाई. परीक्षा जवळ आली की आपण माझा कवितेचा तास मागून घेत होता. (मागून म्हणजे, मी पुस्तक काखेत धरून वर्गाच्या दारात येई तेव्हा फळ्यावर आपला त्रिकोण आधीच उभा असे, आणि आपण खडूचा हात वर करून मला तिथूनच निरोप देत होता.) पोरे माझ्याकडे कळवळून बघत. ही एकटी त्रिकोणाकडे बघे. मला त्याचा राग आला होता, आज इतक्या वर्षांनी सांगतो. ओळ चालीवर म्हणताना ज्या मुलीचे डोळे भरून यायचे, ती त्रिकोणाकडे त्याच डोळ्यांनी कशी बघते, हे मला तेव्हाही उमगले नाही आणि परवा विद्यापीठात जाऊन आल्यावर तर मुळीच नाही.

तर ही मेहमुदा गणितात डॉक्टर झाली. (गावात दोघे जण तिच्याकडे पोटदुखी घेऊन येऊन गेले.) आता मद्रासच्या एका मोठ्या संस्थेने तिला दोन वर्षांसाठी संशोधनाला बोलावले आहे, एक मार्चला हजर राहायचे आहे. आणि त्याच सुमारास इचलकरंजीहून एक स्थळ आले आहे, घरचे यंत्रमाग, माणसे चांगली, मुलगा शांत. गैबीने पोरीला कधी अडवले नाही, पण मद्रास म्हटल्यावर त्याचा धीर सुटला. मेहमुदाने त्याला आपले काम तीनदा समजावून सांगितले. तिन्ही वेळा तो गिऱ्हाईकाचे माप ऐकावे तसा मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, न्हाई समजलं. मग मला बोलावून घेतले. म्हणाला, "चच्चा, मी शिंपी माणूस. कुणी इचारलं काय शिवतोस, तर सदरा हातात देतो. पोरगी पाच वर्सं काय शिवतीया ते तुम्ही तिथं जाऊन बघा आणि मला दावा. समजलं तर मद्रास, न्हाय समजलं तर इचलकरंजी." मी म्हटले, अरे मी मराठीचा मास्तर. तो म्हणाला, मास्तर त्यो मास्तर.

तेव्हा परवा मंगळवारी मी सकाळच्या एस.टी.ने कोल्हापूरला गेलो. गणित विभाग वरच्या मजल्यावर आहे, पुढे लांब व्हरांडा, आणि व्हरांड्यातून माळ असा काही दिसतो की मी दहा मिनिटे आत जायचे विसरलो. आत गेल्यावर पहिला धक्का असा बसला की मी तिथे तीन तास होतो आणि खोल्यांच्या नंबरांखेरीज मला एकही आकडा दिसला नाही. गणपतराव, आपण या लोकांना ओळखता का? पहिल्या खोलीतला तरुण एका ताऱ्याचे काम करतो. तारा पाण्यासारख्या पातळ द्रवाचा, अगदी गोल आणि स्तब्ध. मी विचारले, कोणत्या दिशेला दिसतो? तो म्हणाला, असा तारा नाही, पण असता तर आत किती दाब असता ते मी काढतो. मला इतका आनंद झाला की मी त्याचा हात धरला. नसलेल्या गोष्टीच्या पोटातले दडपण शोधायचे, हेच तर मी तीस वर्षे संदर्भासहित स्पष्टीकरणात पोरांकडून लिहून घेत होतो! मग मी विचारले, मेहमुदाचे काम असेच का? तर तो घाबरला. म्हणाला, ते फंक्शनल अ‍ॅनालिसिस, ते आम्हाला कळत नाही, पलीकडे विचारा.

पलीकडे एक बाई ठिपके आणि रेघा काढत बसल्या होत्या. त्याला ग्राफ थिअरी म्हणतात. त्यांनी मला आपल्या जिल्ह्याचे तालुके काढून दाखवले आणि शेजारचे दोन तालुके एका रंगाचे न होऊ देता चारच खडूंत सगळे रंगवून टाकले. जगातला कोणताही नकाशा चार रंगांत भागतो म्हणे. हे मला समजले! स्वच्छ समजले! मी पन्हाळ्याला हिरवा दिला, शाहूवाडीला निळा, आणि आता हे गैबीला सांगतो म्हणून वहीत उतरवूनही घेतले. तेवढ्यात बाई हसून म्हणाल्या की मेहमुदाचा याच्याशी काही संबंध नाही, आणि तिचे काम त्यांनाही फारसे कळत नाही. मी रंगीत खडूची बोटे धोतराला पुसत बाहेर आलो. त्या विभागात सगळे एकमेकांशी गोडीने वागतात, एका किटलीतला चहा पितात, आणि कोणाचे काम कोणाला कळत नाही. आपल्या शाळेत उलट होते. सगळ्यांचे काम सगळ्यांना कळे.

अखेर मेहमुदाचे सर भेटले. (पांढरे केस, कोटाच्या बाहीला खडू, बोलताना डोळे मिटून घेतात. मला आवडले.) मी माझी अडचण सांगितली. ते डोळे मिटूनच म्हणाले, मास्तर, असे समजा, तुमच्या तालुक्याचा नकाशा घेतला आणि तालुक्यातच कुठेतरी जमिनीवर पसरला. वाकडा पसरा, तिरका पसरा. नकाशावर एक बिंदू असा निघतोच निघतो, की तो बरोबर आपल्या स्वतःच्या जागेवर टेकलेला असतो. नकाशातली ती जागा आणि खालच्या जमिनीतली ती जागा, दोन्ही एकच. मी म्हटले, कोणता बिंदू? ते म्हणाले, तो आहे एवढे आम्ही सिद्ध करतो. गणपतराव, मी परतीच्या एस.टी.त उसाच्या गाड्यांच्या मागून मागून येताना खिडकीत रडलो. सगळे जग जागचे हलते, आणि एक बिंदू आपल्या घरी असतो! कोडोली येईपर्यंत भुजंगप्रयातात दोन ओळीही झाल्या:

नकाशात गावे नि गावी नकाशा,
तिथे एक बिंदू न हाले जरासा.

गैबीला त्या ऐकवल्या. त्याने दातातला दोरा तोडला आणि म्हणाला, "चच्चा, हे ऐकलं. आता दावा."

इथे माझे चुकले. दाखवायचे म्हणजे नकाशा पाहिजे, म्हणून मी काल सकाळी शाळेतून पन्हाळा तालुक्याचा तो दांडीचा मोठा नकाशा आणला आणि गैबीच्या अंगणात पसरला. चार कोपऱ्यांवर चार इस्त्र्या ठेवल्या, आणि माझ्या एका डोळ्याने, हातात शिंप्याची टेप घेऊन, ओणवा होऊन कोडोली शोधू लागलो. आता आपण गणिती आहात, पण खेड्यातलेही आहात. रिकाम्या जागेवर नकाशा पसरून एक म्हातारा टेपने मापे घेतो आहे, हे दृश्य शेतकऱ्याच्या डोळ्याला कसे दिसत असेल? मला सुचले नाही. गैबीच्या भिंतीवरून शेजारचा कृष्णात डोकावला आणि मान आत गेली. पाच मिनिटांत बोळ भरला. मोजणी आली! कोणी म्हणाले पाट येणार, कोणी म्हणाले साठ फुटी रस्ता. कृष्णात तर धापा टाकत आत आला. "मास्तर, खरं सांगा, कुणाचं रान जातंय?" मी हसून म्हटले, अरे कोणाचे जात नाही, मी फक्त एक बिंदू शोधतोय. झाले! बिंदू म्हणजे खांब रोवायची जागा, हे त्याने तिथेच ठरवून टाकले.

मेहमुदा आतून धावत आली. तिने शांतपणे सांगितले की भिण्याचे कारण नाही, बिंदू कागदाच्या बाहेर जाऊच शकत नाही, कागद जिथे पसरला तिथेच खाली कुठेतरी तो असणार. (हे खरे असावे. पण सगळे खरे बोळात सांगायचे नसते, हे तिला कोणी शिकवले नाही. माझेच तास आपण घेतले होते.) "म्हंजे गैबीचं घर जातंय की!" असे समोरची धोंडुबाई ओरडली, आणि तिने तिथेच तोंडाला पदर लावला. कृष्णाताला मात्र दया आली. म्हणाला, घर जाऊ देऊ नका, नकाशा उचला आणि तिकडं ओढ्याकाठच्या पडीक रानात पसरा. ते रान ज्याचे होते तो मागेच उभा होता. मग काय झाले ते आपण ताडले असेल. जो तो दुसऱ्याच्या जमिनीत नकाशा पसरायला सांगू लागला आणि ज्याच्या त्याच्या हातात नकाशाची एकेक कड आली. शाळेचा नकाशा वारणेपाशी टरकला. (मुख्याध्यापकांना अजून सांगितलेले नाही.)

शेवटी गैबी ओट्यावर उभा राहिला. मी त्याला इतका लाल झालेला पाहिला नव्हता. म्हणाला, "गप बसा समदी! मेहमुदा, एकच सांग. त्यो ठिपका कुठं हाय?" मेहमुदा म्हणाली, अब्बा, तो आहे एवढे सिद्ध होते. "आणि कुठं हाय?" ते सांगता येईलच असे नाही. बोळात कोणीतरी हसले. कृष्णात म्हणाला, "हाय म्हंतीस आणि कुठं हाय ते सांगत न्हाईस, ही कसली गं रीत? माझी म्हस हरवल्यावर असं सांगशील तर?" गैबीची मान खाली गेली. मी पाहिले, पोरीने ओठ आवळला होता. मद्रास त्या घटकेला गेले होते, गणपतराव. माझ्या दोन ओळींसकट गेले होते.

तेव्हा आमच्या बिबीजान भाभी, म्हणजे गैबीची आई, सदऱ्याची काजे करीत उंबऱ्यात बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. (घरात आमची दखनी बोलतात, पण चारचौघांत त्या कृष्णातालाही कोडोलीची बोली शिकवतील.) म्हणाल्या, "का रं गैबी, सुई हरवती तवा तू काय करतोस? घरातच पडलीया एवढं ठाव असलं, तर गावभर धुंडत हिंडतोस व्हय? दार लावतोस, दिवा धरतोस, न्हाईतर दुसऱ्या सुईनं काम चालवतोस, पर जिवाला घोर नसतो. घरात हाय, एवढं कुणी सांगितलं तरी लई झालं. माझी नात तेच सांगतीया. त्याला पाच वर्सं लागली तर लागली. तुला बाही बसवायला दोन वर्सं लागल्याली." आणि पुन्हा काजे.

बोळ हळूहळू रिकामा झाला. मग गैबीने गळपट्टीला टोचलेली सुई काढून तिच्याकडे पाहिले, आणि मेहमुदाला म्हणाला, "हे समजलं."

आता आपण म्हणाल, मग मला हे सगळे कशासाठी? काही नाही. माझ्या डोक्यात तारा, खडू, नकाशा आणि सुई यांचा काला झाला आहे, तो आपण सवडीने चार ओळींत निवडून द्यावा, एवढेच. घाई बिलकूल नाही. वहिनींना माझा आदाब, नातवंडांना आशीर्वाद.

आपला,
फक्रुद्दीन मास्तर

ता. क. – थोडी घाई आहे. गैबीला समजले खरे, पण तिकिटाआधी एकदा गणिताच्या मास्तरांच्या तोंडून ऐकायचे आहे म्हणतो. पुढच्या गुरुवारी तो बिद्रीस आपल्याकडे येतो आहे. आपण घरीच असावे. आपण होकार दिलाच तर इचलकरंजीला दोन वर्षे थांबायला सांगायचे त्याने कबूल केले आहे.

दुसरा ता. क. – पत्र पाकिटात घालण्याआधी मेहमुदाने वाचले. ती ओट्यावर बसून हसते आहे. म्हणते, नकाशाचे ते उदाहरण साठ वर्षांपूर्वीचे आहे, सरांनी ते मला झेपावे म्हणून सांगितले. तिचा शोध त्याच्या उलट आहे. एक अट जराशी सैल केली तर असा बिंदू नसतोच, हे दाखवायला तिला पाच वर्षे लागली. म्हणजे भाभींच्या हिशेबाने, सुई घरात नाही. हे ती गैबीला आजच सांगते म्हणाली. मी तिला हाताला धरून बसवून ठेवले आहे आणि उजव्या हाताने हे लिहितो आहे. मिरजेच्या पुढे गाडी गेली की तूच अब्बांना पत्राने कळव, असे तिला परोपरीने सांगतो आहे.

तेव्हा गुरुवारी गैबी आपल्याला एवढेच विचारील, "मास्तर, सुई घरात हाय न्हवं?" छत्तीस वर्षांच्या नोकरीत चुकलेल्या उत्तरापुढे आपण बरोबरची खूण एकदाही केली नाही, हे मला ठाऊक आहे. तोंडाने काही म्हणू नका. नुसती मान हलवली तरी चालेल.