टाचेचं रक्त

रविवार, १४ मार्च

लाडके धाकटे,

तुझं पत्र पोचलं. पायाची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. आम्ही ठीक. प्रयोगशाळेत नवं यंत्र आलंय, ते माझ्यापेक्षा जास्त रजा घेतं. आज सुटी असून इथेच येऊन बसलेय, कारण घरी लिहायला बसलं की आई खांद्यावरून डोकावते.

तुझ्या ठकूचा या महिन्याचा रक्ताचा अहवाल सोबत आहे. फेनिलअॅलॅनिन जरा वर गेलंय. शाळेत कुणाच्या डब्यातलं काही खाल्लं का, बघ.

सासूबाईंना समजेल असं लिहून दे म्हणाली होतीस. त्यांना सांग, शरीरातलं प्रत्येक प्रथिन, स्नायू असोत की केस, वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळीनं बनतं. त्यांतली अकरा शरीर घरच्या घरी करून घेतं. नऊ करता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात, म्हणून त्यांना आवश्यक म्हणतात. फेनिलअॅलॅनिन त्या नवांतलं. आपण लागेल तेवढं वापरतो आणि उरलेल्याचं टायरोसिन करतो, ते त्या अकरांतलं. ठकूच्या यकृताला एवढंच जमत नाही. मग उरलेलं रक्तात साठतं आणि मेंदूला इजा करतं. म्हणून दूध, अंडी, डाळी मोजून, आणि वर ती घाण वासाची पावडर. तिच्यात बाकीची सगळी आहेत, टायरोसिनसुद्धा, फक्त हे एक नाही. पण अगदी बंदही करायचं नाही, त्याच्यावाचून साखळी पुरी होत नाही. आणि हेही ठणकावून सांग की हा दोष आई आणि बाप दोघांकडून मिळून येतो. तुझ्या एकटीच्या माहेरचा नाही.

बघ, किती लांबण लावली. मुद्द्यावर यायला जीभ रेटत नाही.

जन्मापासून पथ्य पाळलं असतं तर ठकूनं आज बडबड करून बाईंचं डोकं उठवलं असतं. चार वर्षांची झाली, दोन शब्द जोडत नाही. रोग कळला चौदाव्या महिन्यात. तू मला दहादा विचारलंस, "ताई, जन्मल्यावर टाचेचं रक्त तपासलं होतं ना? मग सुटलं कसं?" मी दर वेळी म्हटलं, "यंत्र चुकतं कधी कधी."

यंत्र चुकलं नव्हतं.

ती पहाटे पाचला जन्मली. बाळ पूर्ण एक दिवस दूध प्यायल्याशिवाय रक्त घ्यायचं नसतं. आधी घेतलं तर अजून फारसं साठलेलंच नसतं, आणि अहवाल चांगला येतो. हे मी शिकाऊ मुलींकडून घोकून घेते. दुसऱ्या दिवशी माझी सुटी होती आणि पाळी होती आमच्या त्या सहकाऱ्याची, ज्याला सगळे हातोडा म्हणतात. आपल्या पोरीच्या टाचेला त्याचा हात लागू नये म्हणून मी त्याच दुपारी चारला टोचलं. अकरा तासांत. रक्त टिपायच्या कार्डावर दुसऱ्या दिवसाची तारीख घातली आणि दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात ते सरकवलं. ती रडलीसुद्धा नाही. तू म्हणालीस, "ताई, तुझा हात किती हलका." मी दिवसभर फुशारक्या मारत हिंडले.

अहवाल चांगला आला तेव्हा पुन्हा रक्त घेऊ म्हणायला हवं होतं. पण मग तारखेचं सांगावं लागलं असतं. आपल्या घरात कुठला आलाय हा रोग, असं मनाशी म्हटलं. ती आठ महिन्यांची असताना तू म्हणालीस, लंगोटांना उंदरासारखा वास येतो. तो वास कशाचा असू शकतो ते मला माहीत होतं. आईनं तुला "नीट धुवत जा" म्हणून झापलं आणि मी शेजारी बसून चहा पीत राहिले. तिथे आणखी सहा महिने गेले.

ठकू "माशी, माशी" करत गळ्यात पडते तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं.

आणि आता तू लिहितेस, या दुसऱ्या बाळंतपणातही रक्त तूच घे. नाही गं. मी हात लावणार नाही. या बाळालाही चारात एक शक्यता आहे. हातोड्याला घेऊ दे, रडलं तर रडू दे. पूर्ण एक दिवस उलटल्यावरच घ्या, आणि कार्डावर तारीख, वेळ तू स्वतः लिही.

फोन केला असता तर तू मधेच माझीच समजूत काढत बसली असतीस. म्हणून पत्र. उद्या साहेबांना हेच सगळं लेखी देणार आहे. त्याची नक्कल तुला जोडली आहे, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलंय.

तुझी ताई

लिहून संपवलं त्याच रविवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी. वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिली आहे.