हिरव्या पट्ट्याखालची तार

सोमवार

तारेवर चढणाऱ्या माझ्या भावांनो, ही रोजनिशी तुमच्यासाठी. वर आपण चढायचं, आणि वर काय वाढून ठेवलंय ते आपल्यालाच सांगायचं नाही, हे आता पुरे.

आज पार उत्तरेकडच्या या शेवटच्या वीजठाण्यावर रुजू झालो. हिवाळ्यात इथे दुपारीही अंधार, पण स्वागत झकास. ताईचे यजमान, आमचे दाजी, इथेच वायरमन आहेत. युनियनचे भाषणवाले आले, आता खांबसुद्धा संपावर जाणार, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं. त्यांना धडधाकट घरी आणीन, असा शब्द मी ताईला दिलाय. आकाशात ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पट्टा इस्त्री केल्यासारखा शांत.

मंगळवार

यंत्रखोलीतल्या बाईंनी समजावलं. सूर्याकडून विजेने भारलेल्या कणांचा वारा सतत येतो. तो एकसारखा असला की पट्टा शांत. झोत आला आणि त्यातलं चुंबकत्व पृथ्वीच्या उलट वळलं, की पट्ट्याला चुण्या पडतात, पीळ बसतो, तो फाटतो. तेव्हा आपल्या लांबलचक तारांत आपोआप वीज धावते, मेन स्विच बंद असला तरी. अशा झोताची सूचना ठाण्यावर आधी येते. काम अडू नये म्हणून मुकादम ती दाबून ठेवतो.

जेवताना मी बाकावर उभा राहून बोललो: पट्टा पिळला की कुणी चढणार नाही. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी हुकूम रद्द होतो का, असं दाजींनी हसत विचारलं.

बुधवार

सूचना आली होती. मुकादमाने दाबली. पट्टा मधोमध पिळला आणि बंद तारेला दाजी चिकटले. ओढायला गेलेला जोडीदारही. जबडा इतका आवळला की दाजींचे दात फुटले. दोघांची प्रेतं पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी खाटांवर ठेवलीयत. शेडची, खाटांना लागलेली तांब्याची तार खांबांच्याच अर्थिंगला जोडलेली.

ताईला कळवलं नाही.

गुरुवार

चुण्या पडल्या की दोघांच्या मुठी वळतात. तारेतून वीज येते, प्रेतं आखडतात, असं बाई म्हणाल्या.

दाजींनी रबरी हातमोजे घातलेच नव्हते असं दाखवायला मुकादम ते काढून घ्यायला आत गेला. दाजी उठले. मुकादमाचं डोकं खाटेच्या कोपऱ्यावर — पुन्हा, पुन्हा — पट्ट्याच्या लयीत. कवटी उकलली तरी —

पट्टा शांत झाला. दाजी पडले.

शुक्रवार

मुकादमाला खाटेशीच टाकून सगळे पळाले. आधी तार तोड, मग रड, असं बाई जाताना म्हणाल्या. कटर घेऊन गेलो. तोडवेना. हलतायत तोवर ताईला दिलेला शब्द —

शेडमध्ये बसलोय. दाजींचा हात हातात.

चुण्या. मुकादमही उठतोय.

बोटं आवळली — मनगट मोडलं — उजवा हात अजून —

भावांनो, कटर दाराबाहेर आहे. मी आत उभा दिसलो तरी थांबू नका. शेडची तार तोडा, आधी ता—