चिखलोलीचा निरीक्षक

९ मार्च, रविवार

तृतीय वर्षाचा पेपर काढायला बसले. सापेक्षतेचा प्रश्न हवाच. एक यान कल्याणकडे, प्रकाशाच्या ०.९ पट वेगाने. दुसरं उलट दिशेला, कर्जतकडे, ०.५ पट. वर्गात निरीक्षक मी नेहमी अंबरनाथला उभा करते. या वेळी चिखलोलीला बसवला — स्टेशन व्हायचंय अजून, निवांत बसेल बिचारा! त्याच्या हिशेबाने दोन यानांमधलं अंतर प्रकाशाच्या १.४ पट वेगाने वाढतं. एका यानात बसून दुसऱ्याचा वेग मोजला, तर मात्र ०.९६६ पट. प्रकाशाच्या आतच. दोन्ही बरोबर. कुठून बघताय ते आधी लिहा, एवढंच मी पोरांना सांगत असते.

टाइप करताना गावांची नावं काढली, नुसतं 'निरीक्षक' ठेवलं. पेपर पेपरासारखा दिसावा. कच्चा कागद आतल्या खोलीत, टेबलावर.

१६ मार्च, रविवार

मैत्रेयी आली होती, मोरिवलीहून चालत. वर्गात सगळ्यात हुशार आणि तेवढीच हट्टी. "मॅडम, दोन वेग सरळ मिळवले तर चुकतं कुठं?" तासभर बाहेरच्या खोलीत बसलो. पटेपर्यंत उठली नाही. असं कोणी विचारलं की शिकवल्याचं सार्थक वाटतं.

११ एप्रिल, शुक्रवार

उत्तरपत्रिका तपासतेय. एकीत लिहिलंय — "चिखलोलीच्या निरीक्षकाच्या मते १.४ पट." पेपरात चिखलोली नाही! पुढच्या गठ्ठ्यात पुन्हा चिखलोली. एकूण अकरा जण. घोकून आलेत, गावाच्या नावासकट.

ते नाव फक्त माझ्या कच्च्या कागदावर होतं.

१२ एप्रिल, शनिवार

अकराही जण महेंद्रच्या क्लासचे. माझाच नवरा, बदलापूरला क्लास चालवतो. जेवताना विचारलं. मान वर न करता म्हणाला, "टेबलावर पडला होता कागद. पोरं पास झाली तर क्लासचं नाव होईल. तुझं काय जातंय?"

उद्या कॉलेजात सांगते म्हणाले. तेव्हा कुठे त्याने वर बघितलं. "उद्या रविवार आहे. आणि कागद तुझ्या अक्षरातला आहे, पद्मजा."

चीड आली. भीतीही वाटली, आणि भीतीच जास्त.

१५ एप्रिल, मंगळवार

आमचे विभागप्रमुख मुकेश सर तपासलेल्या उत्तरपत्रिका चाळत होते. "मॅडम, ये चिखलोली क्या है? आपल्या पेपरमध्ये तर नाही." मी पुढचा गठ्ठा ओढला. परवा चौकशी समिती बसणार.

घरी सांगितलं. महेंद्रने रिमोट हातात घेतला. मग म्हणाला, "ती मोरिवलीची मुलगी आली होती ना आपल्याकडे?" आणि टीव्ही लावला.

मैत्रेयीची उत्तरपत्रिका पुन्हा काढून पाहिली. चिखलोली नाही. आधी यानात जाऊन बसलीय, मग एकेक पायरी स्वतःची. ०.९६६. हे समितीपुढे सांगायचंच. नोकरी गेली तरी.

१६ एप्रिल, बुधवार

सरांनी अकरा जणांना आजच बोलावून जबाब घेतले. सगळ्यांचं एकच — "कागद मैत्रेयीने दिला, मॅडमच्या घरून आणला होता." शब्दन् शब्द तोच. हेही पाठ करून आलेत.

महेंद्र आज माझ्यासाठी गजरा घेऊन आला.

१७ एप्रिल, गुरुवार

समितीने विचारलं, मैत्रेयी परीक्षेआधी तुमच्या घरी आली होती? मी हो म्हणाले. कच्चा कागद तेव्हा घरात होता? हो. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय? मी नाही म्हणाले.

बाहेर बाकावर मैत्रेयी बसली होती. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी.