गाऱ्हाण्याचा मान

२६ जानेवारी, दुपारी
आज पहाटे आंघोळ, पूजा उरकून दारावरची पितळी पाटी चिंचेने घासली. ‘श्रीमंत दामोदरराव खोत’. श्रीमंत आणि राव मी जोडलं. खोत मात्र खापरपणजोबांपासूनचं. सारा गोळा करायचा हक्क कायद्याने गेला. मान कायद्याने जात नाही.
झेंडावंदनानंतर देवळात बैठक. जत्रेत गावातर्फे देवाला गाऱ्हाणं खोतानेच घालायचं, ही रीत. यंदा घरटी चिठ्ठी टाकायचं ठरलं! नागू गुरव म्हणाला, खोत, मान तुमचाच व्हता, पन देव काय एकट्या तुमचा नाय. मी नाव दिलं नाही. शांतपणे उठलो.

२७ जानेवारी
चिठ्ठी गौराबाईची निघाली. खालापूरच्या स्टँडवर भाजी विकते. गाऱ्हाण्याचे शब्द फक्त मला पाठ. येतीलच विचारायला. निश्चय : दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा हो.

२९ जानेवारी
आले! कोट चढवून बाहेर गेलो. जत्रेचे टेंपो लावायला अंगण हवं होतं. दिलं. दानत रक्तातच असते.

३१ जानेवारी
सौ. हर्षला म्हणाली, अहो, तुम्हीच जाऊन शिकवा ना तिला. म्हटलं, खोत जात नाही, लोक खोताकडे येतात. म्हणाली, मग दळण आणायला कोण जातं? बायकोला इतिहास कळत नाही.

१ फेब्रुवारी, पौर्णिमा
जत्रेला गेलो नाही. लाउडस्पीकरवर ओसरीतूनच ऐकलं. गौराबाई अडखळायची वाट पाहत होतो. ती म्हणाली, देवा, मला बोलाया येत नाय. सगल्यांना बरं ठेव. पानी दे. आनि खोतांचं गुडघं धरलं असंल, म्हनून ते आलं नाय, त्यांना बरं कर. सगळा गाव म्हणाला, बरं कर रं देवा.
माझे गुडघे ठणठणीत आहेत.

२ फेब्रुवारी
देवळात कोणी नसताना गेलो. नारळ ठेवून पूर्ण गाऱ्हाणं म्हटलं. खोतांच्या सात पिढ्या, खोतांची गुरं, खोतांचं भात, खोतांचा वंश. गाव शेवटी येतो, एकदाच. इतकी वर्षं म्हणतोय, कधी ऐकलं नव्हतं.
तसाच नागूकडे गेलो. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीत नाव घाल म्हटलं. तो मान वर न करता म्हणाला, घरं एकशेचाळीस हायत खोत, लागंल नंबर कवातरी.
मला पन्नासावं चालू आहे. तरी नाव दिलं.